अ‍ॅम्ब्युलन्स दारात नको

वडिलांच्या ओठाच्या उजव्या कोपऱ्यातून चहा गळला तेव्हा सकाळचे आठ वाजून वीस मिनिटं झाली होती. मी घड्याळ पाहिलं. वर्तमानपत्रातल्या नोकरीनं लागलेली सवय. सुट्टीसाठी मी सांगलीहून आष्ट्याला घरी आलो होतो.

वडील लष्करातून निवृत्त झालेले. चहा सांडलेल्या शर्टानं बसणं त्यांना जमायचं नाही. बदलायला उठले, पण उजव्या हाताच्या बोटांत बटण धरता येईना.

"आवं, तोंड वाकडं का करताय?" आई म्हणाली.

ते काहीतरी बोलले. शब्द कळले नाहीत.

"पित्त हाय. उपाशीपोटी चहा पिऊ नगा म्हणलं तर ऐकत्यात व्हय! मिल्ट्रीचं डोकं."

तोंड वाकडं, हात लुळा, बोलणं जड: पक्षाघाताची लक्षणं, लगेच रुग्णवाहिका बोलवा. ही चौकट मी अनेकदा पानात लावली होती. मी फोन हातात घेतला.

"अ‍ॅम्ब्युलन्स दारात नगं," आई म्हणाली. आमच्या गल्लीत ती आजवर दोनदा आली होती, दोन्ही वेळा मयत घेऊन. "गाडी दिसली की बायका रडत येतील. जित्या माणसाला अपशकुन."

मी चुलतभावाला फोन लावला. तो पलूसला होता.

"घरची गाडी असताना अ‍ॅम्ब्युलन्स कशाला, दादा? आलोच अर्ध्या तासात."

वडील आडवे झाले. आईनं लिंबू-साखरेचं पाणी दिलं, तेही गळलं. साडेनऊला चुलतभावाचा फोन आला. उसाची ट्रॉली उलटून रस्ता अडला होता. तो पोचला साडेदहाला. मग आईनं वडिलांना धुतलेली पँट चढवली. मळक्या कपड्यांत दवाखान्यात जायचं नाही, हा त्यांचाच नियम. गावातल्या डॉक्टरांनी रक्तदाब पाहिला आणि सांगलीला न्या म्हणाले. तिथल्या पहिल्या रुग्णालयात मेंदूचं स्कॅन करणारं यंत्र बंद होतं. दुसऱ्यात पोचलो तेव्हा एक वाजून दहा मिनिटं झाली होती.

डॉक्टरांनी थोडक्यात सांगितलं. मेंदूतली रक्ताची गाठ विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. उशिरा दिलं तर मेंदूत रक्तस्राव होऊन माणूस दगावू शकतो.

"नक्की किती वाजता सुरू झालं?"

आईनं माझी बाही ओढली. "धा सांग," ती हळूच म्हणाली. "धा वाजता म्हण."

मी आठ वीस सांगितलं. डॉक्टरांनी ते लिहून घेतलं. इंजेक्शन दिलं गेलं नाही.

वडील वाचले. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. दोन्ही अजून परतलेली नाहीत.

त्या दुपारी आम्ही अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर बसलो होतो. आई माझ्याकडं वळली.

"धा का न्हाई म्हणलास?"

"दिलं असतं तर जीव गेला असता."

"मला काय कळतंय त्यातलं. तुला कळत हुतं. मग सकाळी माझं का ऐकलंस?"

चुलतभाऊ गाडी लावून वर आला. आत किती जणांना सोडतात, त्यानं विचारलं.

"एकाला," मी म्हणालो.

आई उठली.