पप्पांच्या मणक्यातला गॅप

आमच्या घरात पप्पा, आई, मी आणि पप्पांच्या मणक्यातला गॅप असे चौघे राहायचो. गॅपचा मान सगळ्यात मोठा. त्याला मांडी घालून बसलेलं चालायचं नाही, म्हणून पप्पा पंगतीत खुर्ची मागायचे. त्याला वाकलेलं खपायचं नाही, म्हणून खाली पडलेला पेन आम्ही उचलून द्यायचो. गॅसचा सिलेंडर दारापासून ओट्यापर्यंत आई एकटी ओढत न्यायची.

पप्पा चाकणच्या एका कंपनीत प्रेस शॉपला होते. मी दोन वर्षांची असताना एकदा जॉब, म्हणजे मशीनवरचा लोखंडी तुकडा, उचलता उचलता त्यांची कंबर धरली. एमआरआय निघाला. कुणीतरी फिल्म उजेडात धरून सांगितलं, "गॅप पडलाय. वाकू नका, वजन उचलू नका." कंपनीनं त्यांना तयार माल तपासायच्या टेबलावर बसवलं. घरात कमरेचा पट्टा आला, तो फक्त अंघोळीपुरता निघायचा.

मी फिजिओथेरपीला गेले ती या गॅपमुळेच. सेवाभाव वगैरे काही नव्हता, मला तो गॅप बघायचा होता. लहानपणी पप्पा पालथे झोपले की मी त्यांच्या पाठीवरून बोट फिरवत तो शोधायचे. बोट कुठंच आत जायचं नाही.

कॉलेजात आम्हाला एक मॅडम होत्या. ओपीडीत आम्ही काहीही करायला निघालो की त्या विचारायच्या, "कशावरून?" खांद्याला शेक देते, मॅडम. कशावरून? "सीनिअर देतात" हे उत्तर चालायचं नाही. "पेशंटच मागतोय" हे तर मुळीच नाही, कारण आमच्याकडे येणारा प्रत्येक कंपनीवाला शेक आणि मशीनचा करंट मागूनच घ्यायचा. व्यायाम दाखवला की म्हणायचा, "व्यायाम तर शिफ्टमध्ये रोजच होतो की." मग आम्ही प्रश्न नीट मांडायचा, त्यावरची संशोधनं शोधायची, ती कुणावर केली, तुलना कशाशी केली, त्यावर विश्वास किती ठेवायचा हे तपासायचं. बाकीची पोरं वैतागायची. मी मात्र खूश होते. जन्मभर "किती प्रश्न विचारतेस गं" म्हणून बोलणी खाल्ली होती, आणि इथं त्याचेच मार्क मिळत होते.

शेवटच्या वर्षी मॅडमनी स्वतःचा एक प्रश्न निवडायला सांगितला. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन! मी गॅप निवडला.

वाचत गेले तशी खुर्चीत पुढं सरकत गेले. कंबर कधी दुखली नाही अशा माणसांचे एमआरआय काढले तरी त्यांत मणक्यांमधल्या झिजलेल्या, दबलेल्या चकत्या, म्हणजे तोच गॅप, सापडत होत्या. वय वाढेल तशा जास्त, केस पिकावेत तशा. आणि साध्या कंबरदुखीत माणसाला जपून ठेवण्यापेक्षा हलतं ठेवलेलं बरं, असंही दिसत होतं.

त्याच संध्याकाळी जेवताना मी जाहीर केलं, "पप्पा, गॅपचं एवढं काही नसतं. दुखत नाही त्यांनाही असतो."

मला वाटलं, घरात पेढे वाटतील. आईचा हात पोळीवरच थांबला. "मग एवढी वर्षं सिलेंडर मी कशाला ओढला?"

"म्हंजी मी नाटक करत हुतो व्हय?" पप्पांनी ताट सरकवलं आणि खुर्चीवरून उठून गेले.

दुसऱ्या दिवशी मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, "संशोधन वाचलंस, छान. पेशंट तपासलास?"

"पप्पा आहेत, मॅडम."

"मग तर त्यांना काय करायचंय, हे विचारलंच नसशील."

खरंच नव्हतं विचारलं. मिनतवारी करून पप्पांना ओपीडीत आणलं. मॅडमनी स्वतः तपासलं. पायांत बधिरपणा नाही, ताकद चांगली, घाबरण्यासारखं काही नाही. मग त्यांनी सहज विचारलं, "काका, कंबर बरी झाली तर काय कराल?"

पप्पा ओव्हरटाइम म्हणतील अशी माझी खात्री होती. तपासणीसाठी काढलेल्या पट्ट्याची त्यांनी मांडीवर घडी घातली. "ढोल बांधीन. गावच्या यात्रंत."

आमचं गाव तळेगावच्या पलीकडे. दर यात्रेला ढोल सुरू झाले की पप्पा उठून चहाच्या टपरीवर जायचे. त्यांना आवाज सोसत नाही, असंच मी समजत आले होते. गॅपच्या आधी ते ढोल वाजवायचे हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. मला तिथंच, ओपीडीत, सगळ्यांसमोर रडू आलं.

घरी आईनं अट घातली. "आधी सिलेंडर उचला, मग ढोलाचं बोला."

रिकाम्या बादलीपासून सुरुवात केली. मग अर्धी बादली, मग भरलेली, मग कमरेला बांधलेली तांदळाची पिशवी. आता "कशावरून?" पप्पाच विचारायचे. "कशावरून जमंल म्हनतीस?" जमेलच असं मला सांगता येत नव्हतं, आणि मी तसं सांगितलंही. एखाद्या दिवशी कंबर दुखायची, मग ते पट्टा चढवून खुर्चीत बसायचे आणि मला वाटायचं, संपलं सगळं. दोन दिवसांनी पुन्हा बादली हातात दिसायची. एक दिवस मी कॉलेजातून आले तर भरलेला सिलेंडर ओट्याखाली होता आणि पप्पांनीच तो आत नेला, हे आई कुणाला तरी फोनवर सांगत होती.

यात्रेत पप्पांनी ढोल कमरेला बांधला. पहिल्या ठोक्यापासून मी त्यांच्या चेहऱ्याकडे कमी आणि कमरेकडे जास्त बघत होते. ते माझ्याकडे बघतच नव्हते. वाजवत वाजवत देवळापर्यंत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या आधी उठून स्वयंपाकघरात आईजवळ बसले. गॅपनं काय ठरवलंय ते बघायचं होतं. पप्पा भिंतीला हात धरत आले. कमरेत ताठलेले.

"दुखतंय," ते म्हणाले.

खुंटीवरच्या पट्ट्याकडे माझी नजर गेली.

"पर गॅपचं न्हाई. ढोलाचं हाय."

"कशावरून?" मी विचारलं.

"वळखीचं हाय. पूर्वी बी यात्रंच्या दुसऱ्या दिवशी असंच दुखायचं." असं म्हणून ते आईच्या शेजारी, चहाला, मांडी घालून खाली बसले.