साडेबारा ते चार

मंगळवार, ११ फेब्रुवारी २०२५. नळाला पाणी ६.१० ला आले, ७.४० ला गेले. पेपर उशिरा. सिलिंडर बदलला. ऋतुजा १२.४० ला आली. डब्यात मेथी आणि भाकरी. हॉस्पिटलचे पत्र आणले होते, ते वाचून सांगितले. नकार द्यावा असे तिच्या मनात आहे. गुरुवारपर्यंत कळवायचे आहे. ३.५० ला दुकानात गेली. दुपारी दोन कप चहा.

नोंद नेहमीसारखी नेटकी होती. निळी शाई, तारखेखाली रेघ, कुठे खाडाखोड नाही. पण तीत एक ओळ कमी होती, आणि ते फक्त हेमाताईंना ठाऊक होतं.

हेमाताई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. कॅम्पातल्या कॉन्व्हेंटमध्ये शिकल्या. तिथल्या मुख्य सिस्टरनी सातवीत मुलींना रोजनिशीची सवय लावली आणि नियम एकच घातला: जे घडलं ते लिहायचं, जे घडायला हवं होतं ते नव्हे. बाकीच्या मुलींनी पहिल्या सुट्टीतच रोजनिशी सोडली. हेमाताईंनी लग्नाच्या दिवशीही लिहिली आणि यजमान गेले त्या दिवशीही.

ऋतुजा त्यांच्या घरात आली तीही डायरीमुळेच. सव्वा वर्षापूर्वी, डिसेंबरात, नव्या सालाची डायरी घ्यायला त्या समोरच्या नागोरावांच्या दुकानात गेल्या आणि पाटी वाचायला विसरल्या. पाटीवर लिहिलं होतं: ‘दुकान १२.३० ते ४ बंद. चौकशी ४ नंतर. शटर वाजवल्यास ४.३० नंतर.’ नागोराव मूळचे नांदेडकडचे, पण पेठेत चाळीस वर्षं काढून पेठेपेक्षा काकणभर जास्तच पुणेरी झाले होते. बंद शटरसमोर, पायरीवर बसून एक मुलगी डबा खात होती.

“चारला या,” ती घास न गिळताच म्हणाली.

“ते मला वाचता येतं. तू इथे का बसलीस?”

“मी दुकानातच कामाला आहे. घर लोणी काळभोरला. जाऊन येईपर्यंत शटर उघडायची वेळ होईल.”

“मग ऊठ. स्कूटरची धूळ भाजीत घालून खायची काही गरज नाही. माझं घर समोर आहे, तळमजला.”

त्या दिवसापासून साडेबारा ते चार हा वेळ हेमाताईंच्या घरचा झाला. ऋतुजा टेबलावर जेवायची, दिवाणावर घटकाभर आडवी व्हायची, मग दोघींचा चहा. हेमाताईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा दिवसातून चार वेळा घालायच्या थेंबांतले दुपारचे दोन तिनं घातले. हात असा हलका की थेंब पडल्यावरच कळायचं. बारावी सायन्स झालेली मुलगी. नर्सिंगला जायचं होतं. पण वडिलांचा गुडघा निकामी झाला, ट्रॅक्टर चालवणं सुटलं, आणि आईच्या रोपवाटिकेतल्या मजुरीला ऋतुजाच्या पगाराचा टेकू लागला.

आता हे पत्र आलं होतं. एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात, वृद्धांच्या वॉर्डात, आठ आठवडे बिनपगारी काम. जी मुलं ते नीट पुरं करतील त्यांना जुलैच्या नर्सिंग सहायक कोर्सला आधी घेणार. कोर्स सुरू झाला की दरमहा विद्यावेतन.

“आमच्या ग्रुपवर सगळ्या सांगतायत, आठ ते चार असतं,” ऋतुजा मंगळवारी म्हणाली होती. “म्हणजे दुकान सुटलं. दोन महिने घरात काय देऊ? आई म्हणते, फुकटच राबायचंय तर घरी काय कमी हाय?” घरचं बोलणं निघालं की तिच्या जिभेवर लोणी काळभोर यायचं.

“आणि तू काय म्हणतेस?”

“मी काय म्हणणार. मला एकदा बघायचं होतं, जमतं का. थेंब घालणं वेगळं आणि अख्खा वॉर्ड वेगळा. पण नुसतं बघायला नोकरी सोडायची म्हणजे चैनच झाली.”

पत्र इंग्रजीत होतं, पाठपोट छापलेलं. ऋतुजानं पहिली बाजू वाचली होती. हेमाताईंनी सवयीप्रमाणे ओळीखाली पट्टी धरून दोन्ही बाजू वाचल्या. मागे, तिसऱ्या कलमात, स्वच्छ लिहिलं होतं: आठवड्याला किमान पंधरा तास, वेळ वॉर्डच्या सिस्टरांशी बोलून ठरवावी.

पंधरा भागिले पाच, तीन. हिशेब करायला त्यांना कागद लागला नाही. रोज तीन तास. हॉस्पिटल चालत दहा मिनिटांवर. आणि ते तीन तास कोणते, हेही त्यांना दिसलं: समोर भाकरी मोडत बसलेले, आत्ताचे.

त्यांनी चष्मा काढला, पुसला, आणि म्हणाल्या, “भाजीत तिखट जरा जास्त झालंय, नाही?”

बस. एवढंच घडलं होतं. संध्याकाळी डायरी लिहिताना पेन थांबलं. ‘तास सांगितले नाहीत’ असं लिहिलं असतं तर का, तेही लिहावं लागलं असतं. त्यांनी चहाचे कप लिहिले आणि डायरी मिटली.

बुधवारी सकाळी त्यांनी ती उघडून पुन्हा वाचली. सगळं खरं होतं. एकही शब्द खोटा नव्हता, आणि तरी शाळेतल्या सिस्टरनी या पानावर लाल शेरा मारला असता. हेमाताईंनी त्याच निळ्या शाईनं तळाशी लिहिलं: ‘पत्राच्या मागे पंधरा तासांचे कलम आहे. ते मी तिला सांगितले नाही. दुपारी ती येते ते मला आवडते.’ मग त्या पोळ्या लाटायला गेल्या.

साडेबाराला ऋतुजा आली. डबा उघडायच्या आत हेमाताईंनी पत्र मागितलं, उलटं केलं आणि पट्टी ठेवली.

“वाच.”

तिनं वाचलं. पुन्हा वाचलं. बोटांवर काहीतरी मोजलं. “आजी, हे काल होतं?”

“पत्र कालचंच आहे. रात्रीत कोणी छापून गेलं नाही.”

“मग तुम्ही—”

“मी काल वाचलं आणि बोलले नाही.” हेमाताईंनी डायरी तिच्यापुढे सरकवली. पासष्ट वर्षांत ती त्यांनी कुणाच्या हातात दिली नव्हती. “तळाची ओळ. बाकीचं वाचू नकोस, सिलिंडरचं आहे.”

ऋतुजानं ओळ वाचली. डायरी मिटून परत सरकवली. मग म्हणाली, “म्हणजे भाजी तिखट नव्हती.”

“भाजी चांगली होती.”

“मला रात्री आई ओरडली तिखटावरून नीट लक्ष दे म्हणून. मीच सांगितलं होतं तिला, आजींना लागलं.” आणि ती हसायला लागली, तशा हेमाताईही.

“हे बघ,” हसू आवरल्यावर त्या म्हणाल्या, “मी सांगितलं, आता ठरव तू. झोप जाईल. दुपारभर उभी राहशील, चारला पुन्हा काउंटर, मग लोणीची बस. आणि हातात पैसा नाही.”

“पगार तर कुठे जात नाही ना. जाईल ती झोप.” ऋतुजानं भाकरीचा तुकडा मोडला. “झोपून मी दीड वर्षात काय मिळवलं?”

“सव्वा.”

“सव्वा. नाहीच जमलं तर आठ आठवड्यांनी दिवाण इथेच आहे की.”

“दिवाण कुठे जातोय.”

तिनं तिथूनच फोन लावला, आवाज मोठा ठेवून. वॉर्डच्या सिस्टर घाईत होत्या. “दुपारी? पाऊण ते पावणेचार? अगं, सगळ्यांना सकाळ हवी असते, राउंडला डॉक्टर दिसतात म्हणून. जेवणाच्या वेळी माझ्याकडे भरवायला हात नसतात. तीन मार्चला ये. नखं कापून ये.”

राहिले नागोराव. चार वाजता त्यांच्याशी बोलायला हेमाताईही सोबत गेल्या. नागोरावांनी सगळं ऐकून घेतलं आणि पेनांच्या बरणीवरची धूळ झटकली.

“बाई, साडेबारा ते चार मी झोपलेला असतो. त्या वेळात कोण कुठे जातं हे मला माहीत नसतं. आपण मला ते सांगून माझी झोप का खराब करता?” मग ऋतुजाकडे वळून, “चार म्हणजे चार. हॉस्पिटलात कोणी मरत असलं तरी चार.” आणि थोड्या वेळानं, वह्या लावता लावता, “मरत असलं तर चार-दहा.”

लोणीला त्या संध्याकाळी काय बोलणं झालं ते ऋतुजानं गुरुवारी सांगितलं. आईनं सगळं ऐकून एकच विचारलं, दुपारी रोज झोपत होतीस तू? तेवढ्यावरच तिचा विरोध संपला.

तीन मार्चला, सोमवारी, साडेबाराला दोन मिनिटं असतानाच हेमाताई फाटकात उभ्या होत्या. हातात कागदात गुंडाळलेल्या दोन पोळ्या, आत बटाट्याची भाजी. ऋतुजा शटर ओढून धावत आली.

“नखं?”

“कापली.” तिनं दोन्ही हात पुढे केले. एका हातात पोळी घेतली आणि चालताचालताच पहिला घास तोडला.

चारला पाच मिनिटं कमी असताना ती परत फाटकापाशी थबकली. केसांच्या बटा घामानं कपाळाला चिकटल्या होत्या.

“आजी, एका आजोबांना वरणभात भरवला. पहिल्या घासालाच म्हणाले, मीठ नाही. मी म्हटलं, तक्रार चारनंतर.”

“मग?”

“मग सगळा संपवला. उद्याही तूच ये म्हणाले.” आणि ती रस्ता ओलांडून गेली. शटर वर जाताना खडखडलं, बरोबर चारला.

त्या संध्याकाळी हेमाताईंनी तारखेखाली रेघ ओढली. पाण्याच्या वेळा लिहिल्या, ऋतुजा गेली ती वेळ लिहिली, आली ती वेळ लिहिली, आजोबांचं मीठही लिहिलं. मग शेवटची ओळ: दुपारी एकच कप चहा. दूध उरले, विरजण लावले.