शरयू मावशीने नाकारलेले सात पॉइंट

शरयू मावशीला अमेरिकन फुटबॉलमधलं काही कळत नाही, असं शिकागोजवळच्या नेपरव्हिलमधले सगळे काका लोक म्हणायचे. दोन हजार सातच्या जानेवारीनंतर म्हणायचे थांबले. तिला फुटबॉल अजूनही कळत नाही, पण ते तिच्या तोंडावर बोलायची आता कोणाची हिंमत नाही.

मावशी मूळची नागपूरची. लग्न करून विष्णू काकांबरोबर इथे आली, डिपेंडंट व्हिसावर काही वर्षं घरात बसली आणि काम करायची परवानगी मिळाली त्याच आठवड्यात शॉमबर्गच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टर झाली. टेस्टर म्हणजे दुसऱ्याने बनवलेल्या गोष्टीत चुका काढायच्या. विष्णू काका म्हणतात, हे काम ती लग्नाच्या दिवसापासून फुकटात करत होती, आता पगार मिळतो एवढंच. चूक सापडली की ती 'ओपन'. दुरुस्त झाली, पुन्हा तपासली, की 'क्लोज'. मावशीचा सगळ्या जगाशी हाच व्यवहार. कोणी बारशाला बोलावलं नाही, ओपन. कोणी तिच्या भरल्या वांग्यांना 'इंटरेस्टिंग' म्हटलं, ओपन. ती भांडत नाही, आवाज चढवत नाही. नुसतं मान हलवून म्हणते, "ठीक आहे ना बाप्पा." हे ऐकलं की समोरच्याने खरं तर राज्य बदलून विस्कॉन्सिनला राहायला जावं.

गुरुनाथ काका गेले नाहीत.

काका पुण्याचे. एमएस कोलंबसच्या ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीत केलं, त्यामुळे तिची फुटबॉल टीम म्हणजे त्यांचं घरचं कार्य. सीझनभर तोच एक लाल स्वेटशर्ट, आणि टीम जिंकत असेल तर तो धुवायचा नाही. मराठी मंडळाचे ते पाच वर्षं अध्यक्ष आहेत, कारण निवडणूक जाहीर करायचा माइक त्यांच्याच हातात असतो. त्यांची नक्कल करायला एकदम सोपी. वाक्य सुरू करताना "म्हणजे बघा", मध्ये कुठेतरी "टेक्निकली", आणि शेवटी एक छोटा खोकला. तो खोकला नाही, तो पूर्णविराम आहे.

झालं असं की, दोन हजार सहाच्या गणपतीत मावशी मंडळाच्या स्टेजवर पहिल्यांदा गायला उभी राहिली. तिच्या आजीची एक गौळण होती, नऊ कडव्यांची, कुठे छापलेली नाही. शॉमबर्गला जाता-येता गाडीत तिने ती महिनाभर म्हटली होती. खरं सांगायचं तर मावशीचा आवाज वर गेला की चिरकतो. शाळेच्या कॅफेटेरियातल्या स्पीकरमधून तो आणखी चिरकत होता. तिसऱ्या कडव्यात राधा घाटावर पोचतच होती, तेवढ्यात गुरुनाथ काका बाजूने आले, मावशीच्या हातातून माइक अलगद काढून घेतला आणि त्याच माइकवर म्हणाले, "वहिनी, पुरे आता. लोकांना जेवायचंय."

लोक हसले. टाळ्या वाजल्या आणि सगळे मसालेभाताच्या रांगेकडे पळाले. मावशी स्टेजवर अर्धी ओळ तोंडात धरून उभी होती. काकांनी त्यानंतर मंडळाच्या जमाखर्चावर एवढा वेळ भाषण केलं की भात संपून दुसऱ्यांदा लावावा लागला. मावशी रांगेत आमच्या मागे येऊन उभी राहिली. आई तिला म्हणाली, छान गायलीस हो. मावशी म्हणाली, "ठीक आहे ना बाप्पा."

ओपन.

आता काकांच्या बेसमेंटबद्दल सांगायला हवं. दर शनिवारी तिथे कॉलेज फुटबॉल बघायला आणि पैजा लावायला गर्दी जमायची. पैसे मात्र कोणी लावायचं नाही. निम्मे लोक व्हिसावर, आणि कोणाच्या तरी वकिलाने कधीतरी सांगितलेलं की जुगाराची केस झाली तर ग्रीन कार्ड विसरा. म्हणून तिथे बर्फ लावतात. जो हरेल त्याने पुढचा स्नो पडला की जिंकणाऱ्याचा ड्राइव्हवे, म्हणजे गॅरेजपुढचा रस्ता, फावड्याने साफ करायचा. भाव सांगायचं काम आमच्या बाबांचं, म्हणजे बाकीच्यांच्या प्रताप काकांचं. ते इंटरनेटवर बघून गंभीर चेहऱ्याने सांगतात, अमुक टीम सात पॉइंटने वरचढ. म्हणजे त्या टीमवर लावलं तर तिने सातपेक्षा जास्तने जिंकायला हवं, आणि समोरच्या टीमवर लावलं तर ते सात पॉइंट तुम्हाला आधीच बक्षीस. बाबा मूळचे गिरगावचे, पण भाव सांगताना ते थेट शेअर बाजारातून आल्यासारखे बोलतात.

गुरुनाथ काकांनी दोन हिवाळे फावड्याला हात लावला नव्हता. विष्णू काका दर शनिवारी त्यांच्याशीच पैज लावायचे आणि हरायचे. गुरुनाथ काकांच्या ड्राइव्हवेवर ते इतके दिसायचे की टपालवाला त्यांनाच गुरुनाथ समजून पत्रं हातात द्यायचा.

त्या वर्षी ओहायो स्टेट सगळ्या मॅचेस जिंकून फायनलला गेली होती. शेवटच्या मॅचमध्ये तिने मिशिगनला जेमतेम तीन पॉइंटने हरवलं होतं. मग फायनलला समोर कोण, पुन्हा मिशिगन की फ्लोरिडा, यावर देशभर वाद चालला होता, आणि बेसमेंटमध्ये तर सोफे तुटायची वेळ आली होती. शेवटी कोच वगैरे लोकांची मतं पडून फ्लोरिडा ठरली. गुरुनाथ काकांना हे बिलकुल आवडलं नाही. त्यांचं म्हणणं, मिशिगनला पुन्हा हरवण्यात मजा होती, ही फ्लोरिडा म्हणजे मतं मागून आत शिरलेली टीम. बाबा पुटपुटले की मतं मागून आत शिरलेले बरेच असतात. ते फक्त आमच्या सोफ्यावर ऐकू आलं.

विष्णू काकांनी धीर करून सांगितलं की फ्लोरिडाची पोरं खूप फास्ट आहेत म्हणतात.

"म्हणजे बघा विष्णू, फास्ट तर आमचा मायक्रोवेव्हसुद्धा आहे. टेक्निकली आपण त्याला टीम म्हणत नाही," असं म्हणून काकांनी पूर्णविराम खोकला.

सगळे हसले, विष्णू काकासुद्धा. नेमकी त्याच वेळी मावशी त्यांना घरी न्यायला जिन्यावर आली होती. ती चौथ्या-पाचव्या पायरीवर थांबली. नवऱ्याचं ते हसू तिने पाहिलं. मग कोट न काढता खाली आली आणि बाबांना विचारलं, हे काय चाललंय. बाबांनी सगळं समजावलं, सात पॉइंटसकट. मावशीने एकच शंका विचारली, या दोघांपैकी गुरुनाथभाऊंची टीम कोणती.

"मग माझी दुसरी," मावशी म्हणाली.

काकांना फार मजा वाटली. त्यांनी विचारलं, वहिनी, हे कशाच्या बेसिसवर. मावशी म्हणाली, "शेवटची मॅच नोव्हेंबरात झाली म्हणता, ही जानेवारीत. दीड महिना कोणी हात न लावलेली सिस्टिम सोमवारी चालू केली की काय होते, ते मी रोज ऑफिसात पाहते ना भाऊ."

खरी गोष्ट अशी की समोर मिशिगन असती तर ती मिशिगनवर लावणार होती, आणि समोर मायक्रोवेव्ह असता तर मायक्रोवेव्हवर. पण ती ओळ इतकी चांगली पडली की हसणारे थांबले. काकांना ते बोचलं. त्यांनी आवाज एकदम मऊ केला, लहान मुलाला सायकल शिकवताना काढतात तसा, आणि म्हणाले, वहिनी, तुम्ही नवीन आहात, घ्या, सात पॉइंट देतो तुम्हाला. सहाने हरलात तरी जिंकलात.

"तुमचे सात पॉइंट तुमच्यापाशीच ठेवा," मावशी म्हणाली. "तुम्ही दिलेलं काही घेऊन मला जिंकायचं नाही. आणि ड्राइव्हवे पण नको."

मग तिने पैज सांगितली. ओहायो स्टेट जिंकली तर ती मंडळात पुन्हा कधी गाणार नाही, कोणाच्या मुलाच्या वाढदिवसाला हॅपी बर्थडेसुद्धा नाही. फ्लोरिडा जिंकली तर संक्रांतीपासून वर्षभर मंडळाचा माइक तिच्याकडे, आणि गुरुनाथभाऊंनी त्याला बोट लावायचं नाही.

बेसमेंटमध्ये असलं काही कोणी लावलं नव्हतं. विष्णू काका तिची बाही ओढत हळूच म्हणाले, अगं, निदान सात पॉइंट तरी घे. तिने बाही सोडवून घेतली. काकांनी सगळ्यांकडे बघून टाळीसाठी हात पुढे केला. मावशीने हातमोजा न काढता टाळी दिली.

त्यानंतरच्या महिन्यात, विष्णू काका सांगतात, मावशी घरात उठल्यापासून झोपेपर्यंत गात होती. भांडी घासताना, केस विंचरताना, इस्त्री करताना, तीच गौळण. त्यांनी विचारलं, एवढी भीती वाटते तर पैज कशाला लावलीस. ती म्हणाली, भीती नाही वाटत. मग पुढचं कडवं विसरली आणि इस्त्री तशीच शर्टावर ठेवून उभी राहिली. निळा शर्ट गेला.

मॅचच्या सोमवारी बेसमेंटमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. मावशी समोरच्या खुर्चीवर कांजीवरम नेसून बसली होती. डोक्यावर हेल्मेट असतं तर तीच खेळायला आल्यासारखी दिसली असती. शोभना काकूंनी, म्हणजे गुरुनाथ काकांच्या बायकोने, डेव्हॉन अॅव्हेन्यूवरच्या देशी दुकानातून पेढ्यांचे दोन मोठे बॉक्स आणले होते, जिंकल्यावर वाटायला.

आणि पहिलाच बॉल उडाला, तो ओहायो स्टेटच्या पोराने झेलला आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत कोणाच्या हाती न लागता धावत नेला. टचडाउन, म्हणजे सहा पॉइंट. घड्याळ जेमतेम सुरू झालं होतं. बेसमेंटचं छत खाली येईल असा आवाज झाला. काका टीव्हीसमोर नाचले आणि काकूंना म्हणाले, पेढे उघड. काकू म्हणाल्या, अहो, मॅच तर होऊ दे. काका म्हणाले, टेक्निकली झाली. आणि स्वतः बॉक्स फोडून वाटत सुटले. सर्वांत आधी मावशीला. तिच्या पुढ्यात वाकून, त्याच मऊ आवाजात, "घ्या वहिनी, तोंड गोड करा. गायचं नाही म्हटल्यावर घसा जपायची आता गरज नाही."

मावशीने पेढा घेतला. खाल्ला नाही. कागदी प्लेटमध्ये ठेवला आणि प्लेट मांडीवर ठेवली. तिचे ओठ हलत होते. गौळण म्हणत होती की शिव्या देत होती, सांगता येत नाही.

टीव्हीवर तोवर वेगळंच चाललं होतं. टचडाउन करणाऱ्या त्या पोरावर आनंदाने त्याचीच टीम जाऊन पडली होती, आणि त्या ढिगाखाली त्याचा पाय दुखावला. तो लंगडत बाहेर गेला. काका म्हणाले, येईल परत. तो आला नाही. फ्लोरिडाने एक टचडाउन केलं, मग दुसरं, मग तिसरं. काकांचे "म्हणजे बघा" आधी लांब झाले, मग लहान झाले, मग नुसतं "बघा" उरलं, आणि शेवटी काही म्हणायच्या आधीच पूर्णविराम यायला लागला. हाफटाइमला चौतीस-चौदा. बाबांनी सवयीने नवीन भाव सांगायला तोंड उघडलं आणि काकूंनी त्यांना समोसा दिला. मॅच संपली तेव्हा स्कोअर एक्केचाळीस-चौदा होता. सात पॉइंट नाही, सत्तावीस.

कोणी उठेना. पेढे मात्र सगळ्यांनी संपवले होते. मावशी उठली, पदर नीट केला आणि मांडीवरची प्लेट घेऊन काकांसमोर उभी राहिली.

"घ्या भाऊ," ती म्हणाली. "तुमचाच आहे. मी उष्टावला नाही."

काकांनी तो पेढा खाल्ला. सगळ्यांसमोर, चावून. मला वाटतं, आयुष्यात कुठलाच पेढा खायला त्यांना इतका वेळ लागला नसेल.

शनिवारी संक्रांतीचा कार्यक्रम. तोच कॅफेटेरिया, तेच स्पीकर. माइक मावशीकडे. बायकांनी हळदीकुंकू केलं, तिळगूळ वाटून झाला, एकमेकांना गोड बोलायला सांगून झालं. आता जेवण, असं सगळ्यांना वाटलं. तेवढ्यात गुरुनाथ काका पुढच्या रांगेतून उठले, सगळ्यांकडे तोंड करून उभे राहिले आणि माइकशिवायच मोठ्या आवाजात सुरू झाले. म्हणजे बघा, मित्रहो, अध्यक्ष म्हणून दोन शब्द, टेक्निकली मी माइकला हात लावलेला नाही.

मावशीने त्यांना दोन वाक्यं बोलू दिली. मग माइक तोंडाशी नेला.

"भाऊ, पुरे आता. लोकांना जेवायचंय."

लोक तेव्हा हसले होते तसेच हसले. काका खाली बसले. टाळ्या पडल्या, खुर्च्या सरकल्या, मसालेभाताच्या दिशेने पोरं पळायला लागली.

"बसा," मावशी माइकवर म्हणाली. "अजून जेवण नाही."

आणि तिने गौळण सुरू केली. पहिल्यापासून. तिसऱ्या कडव्यात राधा घाटावर पोचली तेव्हा मावशीने काकांकडे बघितलं आणि ती ओळ दोनदा म्हटली. वरचा सूर दोन्ही वेळा चिरकला. चौथं कडवं झालं, पाचवं झालं. मागे लहान मुलं रडायला लागली. भातावरची वाफ गेली. आईने पर्समधून एक बिस्किट काढून आम्हा तिघांत वाटलं. पण उठायचं कसं? उठला तर त्याचं नाव ओपन झालंच समजा. अध्यक्ष तर पहिल्याच रांगेत, मांडीवर तिळगुळाची पुडी घेऊन, मावशीच्या बरोबर समोर. नववं कडवं संपलं, लोकांनी जीव खाऊन टाळ्या वाजवल्या, आणि मावशीने धृपद पुन्हा घेतलं.

शेवटी जेवायला बसलो तेव्हा बाबा तिच्या शेजारी होते. त्यांनी गार भात कालवत विचारलं, झालं ना शरयू, आता तरी क्लोज केलंस?

मावशीने लोणच्याची फोड निवडून घेतली आणि विचार केला.

"दुरुस्त तर झालं दिसते," ती म्हणाली. "पण पुन्हा तपासल्याशिवाय क्लोज कसं करू? पाडव्याला भाऊंना पुन्हा पहिल्याच रांगेत बसवा. आजीची अजून एक आहे, तिला चौदा कडवी."