देवकाबाईची पुढची खोली

आर्वीच्या देवकाबाईचे केस बाळंतपणं करता करताच पांढरे झाले होते. खेड्यांतून बैलगाडीनं येणाऱ्या अडलेल्या बायांना टेकायला गावात जागा नसे. म्हणून आपल्या घराची पुढची खोली त्यांच्यासाठी ठेवायचं तिनं ठरवलं. पण तिथं कापसाच्या जिनातले कारकून प्रभाकरराव बायकोसह भाड्यानं राहत. करार दसऱ्यापर्यंतचा. दसरा आला, सोनं वाटून झालं, बिऱ्हाड जागचं हललं नाही.

"काऊन प्रभाकरराव, खोली कवा खाली करता?"

"दिवाळी होऊ द्या, काकू. सणासुदीला कुठं जायचं?"

दिवाळी झाली. मग त्यांची कंबर धरली. मग जिनात कापसाचा हंगाम सुरू झाला. माणूस इतका गोड की भांडायलाही सापडेना. त्यांची लीलाबाई तर संक्रांतीचं पहिलं वाण देवकाबाईलाच देई. वकील म्हणाला, भाडेकरूला काढायचं तर आता नव्या कायद्यानं वर्ध्याच्या भाडे-नियंत्रण साहेबांची परवानगी लागते. देवकाबाई वर्ध्याला गेली, साहेब दौऱ्यावर. पुन्हा गेली, साहेबांची बदली झालेली.

"घर माह्यं, अन् मीच पाव्हणी!" मोटारीतून उतरता उतरता ती कडाडली.

फाल्गुनातल्या एका रविवारी, भर दुपारी, जंगलू नावाचा मजूर बायकोला गाडीत घालून दारात आला. सखूला कळा सुरू झाल्या होत्या. देवकाबाईच्या मागच्या खोलीत चूल आणि सरपण, पाय ठेवायला जागा नाही. ती तडक पुढच्या खोलीत शिरली.

"प्रभाकरराव, बाहेर निंगा!"

"अहो पण काकू, मी जेवतोय..."

"ताट घेऊन ओसरीत बसा!"

लीलाबाईनं निमूट गादी गुंडाळली आणि पाणी तापत ठेवलं. उन्हं कलता कलता सखूला मुलगी झाली. तिला इतक्यात हलवणं बरं नव्हतं. पाचवी तिथंच पुजली गेली, आणि तोवर दुसरी गाडी दारात उभी. प्रभाकरराव ओसरीत झोपू लागले. तिथंही बायांबरोबर आलेल्यांच्या विड्यांचा धूर आणि गप्पा.

शेवटी लीलाबाईच नवऱ्यावर उखडली. "त्या बाया माझ्याकडे बघतात, मला मान वर करवत नाही. जागा बघा, नाहीतर मी माहेरी चालले."

आठवड्याभरात बिऱ्हाड हललं. निघताना प्रभाकररावांनी हात जोडले.

"काकू, इतकी नड होती तर आधी सांगायचं ना! लगेच गेलो असतो."

देवकाबाईनं कपाळावर हात मारून घेतला.