सात पाण्यांचा चहा

मावशीचं पोस्टकार्ड उमरीला मामाच्या घरी पोचलं, तेव्हा शेजारच्या अप्पांना जाऊन पाच दिवस झाले होते. ‘झोपेतच गेले. शेतात समाधी दिली. तू धावपळ करू नकोस,’ एवढंच तिनं लिहिलं होतं. लातुरात पाण्याचे हाल, म्हणून सुट्टी लागताच मी मामाकडे गेले होते. निघताना अप्पा गिऱ्हाइकांच्या गर्दीत होते, मी लांबूनच हात केला... त्यांना जाऊन आता दीड महिना झाला. माझ्यासारखीनं कुणाबद्दल लिहावं का, हे कळत नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. लिहायची सवय म्हणावी तर पत्रांची, आणि तीही अप्पांच्याच.

मावशीच्या घराला लागूनच अप्पांचं चहापत्तीचं दुकान. जळकोटकडच्या आमच्या गावाहून मी बी.ए.साठी लातूरला मावशीकडे आले तेव्हा जिल्हा नवा होता. सारख्या नव्या कचेऱ्यांच्या पाट्या लागत होत्या आणि बहुतेक कचेऱ्यांत अप्पांची पत्ती जात होती. आसामची दाणेदार पत्ती आणि बारीक भुकटी ते स्वतः मिसळत. काटा होता, पण शेवटचा निकाल नाकाचा. मूठभर पत्ती तळहातावर घेऊन हुंगायची, मान हलली तरच डबा भरायचा. कलकत्त्याच्या एजंटाला हिंदीतून पत्रं मी लिहून देई. वर्गात माझं तोंड उघडत नाही, हे त्यांना कुणी सांगितलं होतं कोण जाणे. म्हणायचे, ‘माय, इथं तरी बोल. इथं मार्क न्हाईत.’

गेल्या थंडीत त्या एजंटानं नमुन्याची एक पुडी पाठवली. ऊलाँग. काळ्या आणि हिरव्या चहाच्या मधला, दूध-साखर न घालता प्यायचा, आणि तीच पानं पुन्हा पुन्हा गरम पाण्यात भिजवायची. अप्पांनीही तो कधी प्यायला नव्हता. पहिलं पाणी पानांवर घालून लगेच ओतून द्यावं, असं पत्रात होतं. मी वाचून दाखवलं. अप्पांनी चष्म्यावरून पाहिलं. ‘वतून द्यावं? त्याला म्हणावं, लातूरला ये एकदा, घागर घिऊन रांगेत थांब.’ आतून त्यांच्या घरच्या, अक्का, म्हणाल्या, ‘दूध न्हाई, साखर न्हाई. ह्यो चहा हाय का काढा?’

ते पहिलं पाणी आम्ही प्यायलोच. फिकट पिवळं. मला अगदी हलका, वाळलेल्या बकुळीसारखा वास आला. अप्पांनी पेला नाकाशी धरला आणि खाली ठेवला. दुसऱ्या पाण्याला गोळी झालेली पानं उलगडली आणि हुरडा भाजताना येतो तसा वास दुकानभर पसरला. अप्पा डोळे मिटून कितीतरी वेळ हुंगत राहिले. ‘कसा हाय?’ त्यांनी विचारलं. ‘चांगलाय,’ मी म्हणाले. वर्गातही मी एवढंच बोलत असे. तिसऱ्या पाण्याला मात्र ते चिडले. आधी म्हणाले, टँकरचं पाणी वास खातं. मग म्हणाले, ‘पाण्याचं कारण न्हाई. शिळा माल धाडला. तीस वर्षांची वळख अन् असं? लिही माय, पानाला वास न्हाई, तुमचा-आमचा संबंध संपला.’

मी ‘पत्ती में’ लिहिलं आणि पेन थांबलं. पुढचं लिहावं तर एका प्रामाणिक माणसावर आळ येणार होता. न लिहावं तर अप्पांना त्यांच्या नाकाबद्दल सांगावं लागणार होतं...

‘अप्पा, वास हाय.’

‘कुठं?’

‘सगळीकडं. पहिल्याला बकुळीचा होता. मग हुरड्याचा. आता पिकल्या सीताफळासारखा.’

‘मंग मला का येत न्हाई?’

उत्तर दारातून अक्कांनी दिलं. ‘दिवाळीपासून येत न्हाई तुम्हाला. दूध करपून कोळसा झालं तरी कळत न्हाई. मीच बोलले न्हाई, म्हणलं धंदाच नाकावर हाय...’

अप्पांनी हातातला पेला बाजूला सरकवला. आता मला जायला सांगतील असं वाटलं. पण त्यांनी चौथं पाणी ओतलं. ‘बस. सांग. नीट सांग, चांगलाय म्हणू नको.’ मी शब्द शोधत राहिले, अप्पा घोट जिभेवर घोळवत राहिले. ‘मागून गोड लागून राहिलं. तुला?’ वर्षभरात वर्गात बोलले नसेन एवढं मी त्या दुपारी बोलले. सातव्याला मी म्हणाले, ‘आता नुसतं गरम पाणी.’ अप्पा म्हणाले, ‘एवढं मला बी कळालं!’ आणि ठसका लागेपर्यंत हसले. एजंटाला आम्ही लिहिलं, माल उत्तम, सहा पाण्यांपर्यंत वास. त्यानंतर डबा भरण्याआधी ते तळहात माझ्यापुढे धरू लागले. गिऱ्हाइकांसमोरसुद्धा, काही न लपवता.

आठवड्यापूर्वी मी लातूरला परतले. अक्कांनी दुकानातला मोठा डबा उघडला. ‘तू नव्हतीस तवा ह्यांनी एकट्यानंच मिसळली. शेवटची. कचेरीवाले मागून राहिलेत. दिऊ का?’ मी मूठभर तळहातावर घेतली. भुकटी फार पडली होती, वास दबून गेला होता. अक्का माझ्या तोंडाकडे बघत होत्या. खोटं बोलायला काहीच लागलं नसतं...

‘न्हाई जमली, अक्का.’

त्यांनी झाकण लावलं. ‘मंग विकायची न्हाई. आपल्याला व्हईल.’

आता रोज दुपारी आम्ही दोघी तीच पत्ती उकळतो, दूध आणि भरपूर साखर घालून. तरी जरा कडूच लागते. डबा अजून अर्ध्याहून जास्त भरलेला आहे.