सड्यावरचा फडका

बाबल्याचा हात आधी चालायचा आणि तोंड मागाहून. मुंबईला गिरणीत असताना जॉबरने आईवरून शिवी दिली, तर ह्याने त्याचे दोन दात पाडले आणि पुढच्याच बोटीने गाव गाठला. कुणी विचारलं तर सांगायचा, "कंटाळा आला मुंबैचा." दातांची गोष्ट लोकांना दुसरीकडून कळली, आणि मग बाबल्याशी वाद घालायला कुणी धजेना.

असल्या माणसाला नोकरी मिळाली तीही त्या हातामुळेच. १९३७ साली रत्नागिरीबाहेरच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या माळावर, आठवड्यातून दोनदा मुंबईचं विमान उतरायला लागलं. त्यात टपालाच्या पिशव्या असत, आणि एखाददुसरा उतारू. विमान कंपनीचं इथलं काम चिंतामणराव बघायचे. माणूस आंब्याच्या बागांचा मालक, स्वतःच्या हाताने डास मारणार नाही. सड्यावर गुरं चरत, बायका मोळ्या घेऊन मधूनच वाट काढत. त्यांना हाकलायला कुणीतरी दांडगा हवा होता. पहिल्याच महिन्यात बाबल्याने एका गाईचं शिंग मोडलं आणि तिच्या मालकाचं मनगट. सडा मोकळा झाला. चिंतामणराव "जरा जपून रे" एवढंच म्हणाले.

हाकलणं सोपं होतं. खरं काम निराळंच. विमान चालवणाऱ्या साहेबाशी बोलायला तेव्हा इथे कसलंही यंत्र नव्हतं. त्याने वरून बघायचं आणि काय ते समजायचं. त्यासाठी पांढऱ्या कापडाचा भलामोठा हातोडा जमिनीवर अंथरायचा आणि हातोड्याचं डोकं वाऱ्याच्या तोंडाला ठेवायचं. साहेब दांड्याकडून डोक्याकडे उतरणार. शेजारी ओल्या गवताची धुनी पेटवायची, म्हणजे वारा कुठला ते त्याला धुरावरूनही कळे.

"विमान टेकेपर्यंत फडका सोडून हलायचं नाही," चिंतामणरावांनी बजावलं होतं. "वारा फिरला की फडका फिरवायचा. वरच्या माणसाचा जीव त्या फडक्यावर आहे."

बाबल्याला हे फार आवडलं. आख्खा गोरा साहेब आपण सांगू तिकडे उतरतो, हे तो मिशीवर ताव देत गावभर सांगे.

चैत्र सरत आला की इथल्या कुणब्याला भाजावळ करावी लागते. भाताच्या रोपासाठी राखलेल्या तुकड्यावर फांद्या, पाला, शेण पसरून जाळायचं. न जाळलं तर रोप धरत नाही, आणि रोप नाही तर भात नाही. त्या दिवसांत उताराउतारावर धूर असतो. वरून साहेबाला धुनी कुठली आणि भाजावळ कुठली हे कळणार नाही, म्हणून विमानाच्या दिवशी कुणी इस्तव लावायचा नाही असा बाबल्याने हुकूम सोडला होता. सगळ्यांनी ऐकलं. ऐकलं नाही ते त्याच्या सख्ख्या धाकट्या भावाने, शिवाने.

त्या दिवशी सकाळी वारा जमिनीकडून वाहत होता. बाबल्याने हातोड्याचं डोकं पूर्वेला केलं, कडांवर चिरे ठेवले, धुनी पेटवली. विमानाला अर्धा तास होता. तेवढ्यात सड्याच्या खालून धूर वर आला. कुणाच्या जमिनीतला ते त्याला बघावंही लागलं नाही. काठी उचलून तो उतार उतरला.

"शिवा, विजव."

"दादा, ढग बघ कसं आलंत. पाला भिजला तर वरीसभर खायाचा काय?"

बाबल्याने पुढचं काही ऐकलंच नाही. पहिली काठी खांद्यावर बसली. दुसरी डोक्यावर येताना शिवाने उजवा हात आडवा धरला, आणि कोपराशी काडकन आवाज झाला. शिवा गरम राखेत पडला. त्याची बायको तुळसा मध्ये आली, तिला बाबल्याने शेताच्या दगडी गडग्यावर ढकलली. तिच्या कपाळातून रक्त आलं. तशीच ती उठली आणि प्यायच्या पाण्याच्या दोन्ही कळश्या आगीवर ओतल्या.

"विजला," ती म्हणाली. "विजला ना? आता सोडा त्येला."

धूर विझला होता. बाबल्याचा हात मात्र विझेना. तो लाथा घालतच राहिला. कशासाठी, ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. डोक्यावर घरघर ऐकू आली तेव्हा तो थांबला.

धावत सड्यावर पोचला तर खारा वारा थेट तोंडावर आला. वारा फिरून समुद्राचा झाला होता. धुनीचा धूर पूर्वेकडे पळत होता, म्हणजे हातोड्याचं डोकं आता पश्चिमेला हवं होतं, आणि ते अजून पूर्वेलाच होतं. धूर सांगत होता एक आणि फडका सांगत होता उलटं. साहेब एकदा खाली आला, गोंधळला, पुन्हा वर गेला. चिरे काढून फडका फिरवायला वेळ उरला नव्हता. दुसऱ्यांदा आला तेव्हा बाबल्या मुंडासं सोडून जिवाच्या आकांताने हलवत होता, नको नको म्हणून. साहेबाला वाटलं, ये म्हणतोय.

त्याने फडक्यावर भरवसा ठेवला. पाठीवर वारा घेऊन विमान टेकलं ते थांबेचना. सड्याच्या टोकाला चिऱ्यांचा गडगा होता, त्यावर आपटून ते नाकावर उलटलं आणि पेटलं. बाबल्याने साहेबाला ओढून काढलं. दोन्ही पाय मोडलेले, शुद्ध नाही. मागे बसलेला उतारू ओरडत होता. त्याच्यापर्यंत पोचायच्या आत तो ओरडायचा थांबला.

दुपारी फौजदार आला. चिंतामणरावांनी त्याला शिवाच्या शेतातली काळी राख दाखवली. "भाजावळीच्या धुरानं घात केला," ते म्हणाले. कंपनीवर काही येऊ नये एवढीच त्यांना काळजी. शिवाला फरफटत सड्यावर आणला. फौजदाराने वेताच्या छडीने त्याच्या पाठीची सालटी काढली. शिवा एकच सांगत होता, इस्तव आधीच विझवला होता. बाबल्या चार हात लांब उभा होता. तोंड उघडलं तर तुरुंग, हे त्याला ठाऊक होतं. तो भ्याला आणि गप्प राहिला.

फौजदार दमला. छडी बाबल्यापुढे धरून म्हणाला, "तू घे. तुझा हात बरा चालतो म्हणतात."

बाबल्याने छडी घेतली. शिवाने डोकं वाचवायला डावा हात वर केला. उजवा तसाच लोंबत होता. बाबल्याला आयुष्यात पहिल्यांदा स्वतःची किळस आली.

"फडका माजा व्हता," तो म्हणाला. "वारा फिरला तवा मी फडक्यापाशी नव्हतो. ह्येला मारीत व्हतो. धूर कवाच विजला व्हता."

मग छडी फौजदाराकडे गेली आणि बाबल्याच्या पाठीवर मोडली. त्याने हात वर केला नाही.

दुसऱ्या दिवशी त्याला कमरेला दोरी बांधून रत्नागिरीला नेत होते. शिवा वाटेवर उभा होता. उजवा हात तुळसाच्या जुन्या लुगड्याच्या पट्टीने गळ्यात बांधलेला. बाबल्या त्याच्यापुढे थांबला आणि मान खाली घातली.

"मार," तो म्हणाला. "मन भरंस्तवर मार."



"मारला असता, दादा," शिवा म्हणाला. "पन हात उचलत नाय."