जहाजावरची विचारपूस

रत्नागिरीच्या एसटी स्टँडवर आबा मला पोचवायला आले होते. चिरेखाणीत दगड पडून त्यांचा पाय कायमचा अधू झाला होता. मालकाने बैलगाडीतून घरी पाठवलं आणि पुन्हा कधी चौकशी केली नाही. गाडी सुटताना आबा एवढंच म्हणाले, "परक्या मुलखात गप ऱ्हायचं, बाबू. बोलणाऱ्याचं काम जातं."

ऐंशीच्या दशकातली ही गोष्ट. मी परदेशी मालवाहू जहाजावर खलाशी म्हणून लागलो. आफ्रिकेतल्या एका बंदरात आम्ही धरणाची यंत्रं उतरवली. धक्क्यावर बँड वाजला, विकासाची भाषणं झाली. त्याच यंत्रांच्या साखळीत आमच्या रोमेलचा हात चिरडला. रोमेल फिलिपिन्सचा, दोन मुलांचा बाप, माझ्या वरच्या बंकवर झोपायचा. कॅप्टनने मलमपट्टी करून जहाज पुढे काढलं.

हॉलंडच्या बंदरात पोचेपर्यंत हात काळानिळा पडला होता, ताप उतरत नव्हता. तिथे जहाजाच्या तपासणीला तिथल्या सरकारच्या अधिकारी असलेल्या एक बाई आल्या. आम्हा खलाशांना मेसमध्ये बसवून त्यांनी विचारलं, "प्यायला चांगलं पाणी मिळतं का? कोणी आजारी आहे का?" दारात कॅप्टन उभा. सगळ्यांनी माना खाली घातल्या. मला आबांचं बोलणं आठवलं आणि त्यांचा पायही. मोडक्या इंग्रजीत मी म्हणालो, "खाली एक माणूस मरतो आहे."

रोमेलला हॉस्पिटलात नेलं. बाईंनी जहाज अडकवून ठेवलं. खलाशाच्या जिवाची हेळसांड झाली तर जहाज रोखता येतं, असा कायदा देशादेशांनी मिळून केलाय, हे मला त्या दिवशी कळलं. कंपनीने मला कामावरून काढून घरी धाडलं.

पडवीत बसून आबांनी सगळं ऐकलं. "त्या माणसाचा हात ऱ्हायला?"

"दोन बोटं गेली. हात वाचला."

ते किती तरी वेळ पायावरून हात फिरवत राहिले. मग म्हणाले, "आमच्या खाणीवर कोण आलं नाय रे, इचारायला."

पुढे त्याच बाईंच्या ओळखीने मला हॉलंडमध्ये काम मिळालं; आज मी त्यांच्याच शहरात राहतो, खलाशांच्या मदत केंद्रात काम करतो. गावाकडचे तुम्ही फोनवर विचारता, घरी कधी येतोस? कसं सांगू? जहाजांवर आपल्याकडचे खलाशी भेटतात. इंग्रजीत विचारलं की "ऑल ओके, सर" म्हणतात. मग मी शेजारी बसतो, आपल्या हेलात म्हणतो, "काय रे, बरा हायस ना? खरं सांग." तेव्हा कुठे माणूस बोलायला लागतो. तेवढा वेळ त्या लोखंडी डेकवर मी घरीच असतो.